गळ्यातली गाठ, रिपोर्टातली ओळ

छातीचा सीटी स्कॅन काढलेला असतो खोकल्यासाठी. मानेचा एमआरआय हाताला मुंग्या येतात म्हणून. गळ्यातल्या रक्तवाहिन्यांचा डॉपलर चक्कर येते म्हणून. ज्यासाठी तपासणी केली ते ठीक आहे असे सांगून झाल्यावर रिपोर्टच्या तळाशी एक ओळ येते: थायरॉइडच्या उजव्या भागात ८ मिलिमीटरची गाठ दिसते, सोनोग्राफी करून पडताळावे. खोकला आठवड्याभरात जातो. ही ओळ घरात मुक्कामाला येते.

हल्ली रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर रुग्णाच्याच हातात पडतो. रात्री अकरा वाजता माणूस ‘नोड्यूल’ शोधायला बसतो आणि साडेअकराला कर्करोगापाशी पोचलेला असतो. सकाळी मुलाचा फोन येतो, मेव्हणी ओळखीच्या सर्जनचा नंबर पाठवते. मग सोनोग्राफी होते. सोनोग्राफीला थायरॉइडमधले बारकावे सीटीपेक्षा कितीतरी चांगले दिसतात, त्यामुळे तिथे एकाच्या जागी तीन गाठी निघतात. आता घरच्यांची खात्री पटते की बरे झाले, वेळेत कळले.

माझे म्हणणे असे की यांतल्या बहुतेकांना हे कळून काहीही बरे होत नाही आणि काहींचे चांगलेच वाईट होते. ज्या गाठीच्या मागे लागायचे कारण नाही, तिच्या मागे लागू नका, हे त्याच रिपोर्टमध्ये, त्याच ओळीत लिहिलेले असले पाहिजे. आणि गळ्याची काहीही तक्रार नसलेल्या माणसाच्या गळ्यावर सोनोग्राफीचा प्रोब ठेवणे थांबले पाहिजे. हे बोलायला सोपे आहे. रेडिओलॉजिस्ट, फॅमिली डॉक्टर, सर्जन, चेकअपची पॅकेजे विकणारे आणि स्वतः रुग्ण, यांपैकी कुणालाच ते सोयीचे नाही, म्हणून ते होत नाही.

आधी या गाठी किती असतात ते पाहू. बोटांनी गळा चाचपला तर शंभरातल्या चार ते सात जणांना गाठ लागते. सीटी किंवा एमआरआय दुसऱ्याच कारणासाठी काढला तर सुमारे सोळा टक्के लोकांच्या थायरॉइडमध्ये काहीतरी दिसते. चांगल्या यंत्रावर मुद्दाम सोनोग्राफी केली तर वेगवेगळ्या पाहण्यांत हे प्रमाण १९ पासून ६८ टक्क्यांपर्यंत गेले आहे. वय वाढते तसे ते वाढते. म्हणजे पन्नाशी-साठीतल्या बायकांच्या एखाद्या भिशीत सगळ्यांची सोनोग्राफी केली, तर गाठ नसलेल्या बायका कदाचित कमी भरतील. यांतल्या बहुसंख्य गाठी साध्या असतात. ज्या कर्करोगाच्या निघतात त्यांतल्याही बहुतेक पॅपिलरी प्रकारच्या असतात, आणि त्यातल्या छोट्या गाठींचे काय होते हा या सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे.

फिनलंडमध्ये १९८५ साली एक काम प्रसिद्ध झाले. दुसऱ्याच कारणांनी मरण पावलेल्या १०१ जणांच्या थायरॉइडचे पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. ३६ जणांमध्ये पॅपिलरी कर्करोग सापडला. ही माणसे त्याने गेली नव्हती, त्याचा त्यांना पत्ताही नव्हता. काप दोन-तीन मिलिमीटरचे होते, म्हणजे त्याहून बारीक गाठी निसटल्याच असणार. अभ्यास करणाऱ्यांनी सरळ म्हटले की इतक्या लहान आकाराच्या या गाठी जवळजवळ सामान्य शरीररचनेचा भाग मानाव्यात. चाळीस वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे. त्यानंतर यंत्रे सुधारली. सूक्ष्मदर्शकाखाली सापडणारे ते आता जिवंत माणसाच्या गळ्यात पडद्यावर दिसू लागले, आणि सामान्य शरीररचना शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊ लागली.

हे कुठवर जाऊ शकते ते दक्षिण कोरियाने दाखवून दिले. १९९९ मध्ये तिथे सरकारने कर्करोग तपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. थायरॉइड त्या यादीत नव्हता. पण लोक स्तनाच्या नि पोटाच्या तपासणीला आलेच आहेत, तर थोडे पैसे भरून गळ्याचीही सोनोग्राफी करून घ्या, असे रुग्णालये आणि दवाखाने सुचवू लागले. दर होता ३० ते ५० डॉलरच्या घरात. कुणी बळजबरी केली नाही, कुणी खोटे बोलले नाही. लोकांनी आनंदाने गळे पुढे केले. २०११ पर्यंत थायरॉइड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरापट झाले. त्या एका वर्षात ४०,००० हून अधिक लोकांना हा कर्करोग असल्याचे सांगितले गेले आणि तो देशात सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग ठरला. या सगळ्या वर्षांत त्याने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण मात्र होते तिथेच राहिले. चष्म्याचा नंबर बदलला म्हणून अंगणातल्या मुंग्या वाढत नाहीत. दिसू मात्र लागतात.

दिसल्यावर कोरियाने त्या सोडल्या नाहीत. निदान झालेल्या जवळजवळ सर्वांवर उपचार झाले. सुमारे दोन-तृतीयांश लोकांची पूर्ण ग्रंथी काढली गेली. शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ११ टक्क्यांच्या, थायरॉइडला चिकटून असलेल्या इवल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचे काम बिघडले, म्हणजे रक्तातले कॅल्शियम घसरणे, हातपाय वळणे, गोळ्या. दोन टक्क्यांच्या स्वरयंत्राची नस गेली. हजारोंनी शस्त्रक्रिया होतात तेव्हा दोन टक्के म्हणजे केवढी माणसे, याचा हिशेब वाचकाने करावा.

मला यात आकड्यांपेक्षा पुढे जे घडले ते जास्त महत्त्वाचे वाटते. मार्च २०१४ मध्ये तिथल्या आठ डॉक्टरांनी एकत्र येऊन जाहीर पत्र काढले: निरोगी माणसांच्या थायरॉइडची सोनोग्राफी करू नका. वर्तमानपत्रांनी आणि टीव्हीने ते उचलून धरले. विरोधही झाला. पण वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया सुमारे एक-तृतीयांशाने घटल्या. सरकारने कायदा केला नव्हता, यंत्रे जप्त केली नव्हती. आठ जणांनी उघडपणे ‘नको’ म्हटले आणि लोकांनी ऐकले. आपल्याकडे असे आठ डॉक्टर नाहीत असे मुळीच नाही. खासगीत बोलताना कितीतरी जण हेच बोलतात. लेटरहेडवर लिहून देत नाहीत.

या प्रकरणात फसवणूक करणारा एक आकडा आहे, त्याच्याबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण तो प्रामाणिक माणसांनाही फसवतो. निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण. कोरियात थायरॉइड कर्करोगासाठी ते जवळजवळ शंभर टक्के झाले आणि लवकर तपासणीचे यश म्हणून मिरवले गेले. आता ज्यांना या गाठीने कधीच काही होणार नव्हते अशी हजारो माणसे ‘रुग्ण’ म्हणून यादीत घातली, की यादीतली जगणाऱ्यांची टक्केवारी आपोआप वर जाणार. एकाही माणसाचा जीव न वाचवता ती वर जाईल. शिवाय बरा झालेला प्रत्येक जण उरलेल्यांना सांगणार, ‘मी वेळेत तपासणी केली म्हणून आज आहे.’ त्याच्या तोंडावर कोण म्हणणार की तपासणी केली नसती तरी असतासच? हा माणूस कुठल्याही जाहिरातीपेक्षा प्रभावी प्रचारक असतो, आणि त्याचा यात काही दोष नाही.

जपानने नेमका उलटा रस्ता धरला होता. कोबेच्या कुमा हॉस्पिटलमध्ये अकिरा मियाउची या सर्जनच्या पुढाकाराने १९९३ पासून एक सेंटिमीटर किंवा त्याहून लहान पॅपिलरी कर्करोगाच्या, पण धोक्याची लक्षणे नसलेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी नुसत्या देखरेखीचा पर्याय दिला गेला. सुईने तपासून कर्करोग आहे हे माहीत असताना! १,२३५ रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या तेव्हा दिसले की दहा वर्षांत सुमारे आठ टक्क्यांची गाठ तीन मिलिमीटरने किंवा जास्त वाढली, चार टक्क्यांहून थोड्या कमी लोकांच्या मानेतल्या लसिका ग्रंथींत रोग दिसला. त्यांच्यावर तेव्हा शस्त्रक्रिया झाली आणि त्या उशिराने कुणाचा जीव गेला नाही. साठीनंतरच्या रुग्णांत गाठ वाढण्याची शक्यता तरुणांपेक्षा कमी निघाली. ‘कर्करोग आहे आणि तरीही थांबू’ हे वाक्य उच्चारणारा सर्जन विरळा. तो सर्जन होता म्हणूनच त्याचे ऐकले गेले, असे मला वाटते. हेच एखाद्या आरोग्य-अर्थतज्ज्ञाने सुचवले असते तर त्याला पैसे वाचवायचे आहेत असा आरोप झाला असता.

आता आपल्याकडे येऊ. भारतात कोरियासारखी लाट आलेली नाही. पण २००६ ते २०१४ या काळातल्या कर्करोग नोंदणीच्या अभ्यासात स्त्रियांमधले थायरॉइड कर्करोगाचे प्रमाण लाखामागे २.५ वरून ३.५ वर गेलेले दिसले, आणि देशातल्या एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंत दहापट फरक आढळला. सर्वांत वर तिरुवनंतपुरम. आरोग्यसेवा जिथे हाताशी आहे, लोक तपासणीला जिथे जातात, तिथे हा कर्करोग जास्त. हवापाण्याने एवढा फरक पडत नाही, प्रोबने पडतो. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर ज्या वेगाने तपासणी केंद्रांनी भरत आहेत ते पाहता आपण त्याच वाटेवर आहोत असे मानायला जागा आहे.

या वाटेवर स्त्रिया जास्त सापडतात आणि ते कसे घडते हे घराघरांत ओळखीचे आहे. थकवा, केस गळणे, वजन, पाळी, मूल राहत नाही, कशासाठीही रक्ततपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडचे काम मोजणारी चाचणी, असतेच. ते थोडे वाढलेले निघते. गोळी सुरू होते. इथवर ठीक. पण मग ‘थायरॉइड आहे ना, एकदा सोनोग्राफी करून घेऊ’ असे होते. हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड कमी पडणे, हा ग्रंथीच्या कामाचा बिघाड आहे. तो रक्तात मोजतात, आणि गळ्यात हाताला काही लागत नसेल तर त्यासाठी सोनोग्राफीची गरज नाही. अमेरिकेतल्या एन्डोक्रिनॉलॉजिस्टांच्या, म्हणजे ग्रंथींच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या, संघटनांनी ‘हे करू नका’ अशा आपल्या यादीत २०१३ मध्येच ते लिहिले आहे. उलट हाशिमोटोसारख्या, शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते अशा, आजारात ग्रंथी मुळातच खडबडीत होते, आणि सोनोग्राफीत त्यातले काही उंचवटे गाठींसारखे दिसतात. म्हणजे ज्यांना गाठ नाही त्यांनाही ती लाभते. शवविच्छेदनात लपलेला पॅपिलरी कर्करोग स्त्री-पुरुषांत जवळपास सारख्याच प्रमाणात सापडतो. जिवंतपणी निदान मात्र स्त्रियांत तिप्पट-चौपट. हा फरक काही अंशी शरीराचा असेल, पण बराचसा दवाखान्याच्या पायरीचा आहे.

यात भर घालतात ती पॅकेजे. महिला दिनाचे पॅकेज, दिवाळीचे पॅकेज, आईवडिलांना भेट म्हणून ‘फुल बॉडी’ पॅकेज. नेत्याच्या वाढदिवसाच्या शिबिरात हल्ली रक्तदाब नि साखरेवर भागत नाही. निरोगी माणसांत थायरॉइड कर्करोग शोधत फिरू नये अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यगटाने २०१७ मध्ये पुन्हा एकदा केली. पॅकेजच्या पत्रकावर अर्थातच ती छापलेली नसते. गंमत अशी की सोनोग्राफीवर देखरेख ठेवण्याचा महाराष्ट्राइतका अनुभव दुसऱ्या राज्यांना कमीच असेल. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा इथे १९८८ मध्ये झाला. यंत्राची नोंदणी, गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म, सगळे आहे. तोच प्रोब पोटावरून गळ्यावर गेला की का ठेवला हे कुणी विचारत नाही. (आणखी एक फॉर्म आणा असे मी सुचवत नाही. रेडिओलॉजिस्ट मंडळी आहे त्या फॉर्मांनीच टेकीस आलेली आहेत.)

कोविडच्या वर्षांनी आणखी एक दार उघडले. ताप आला की एचआरसीटी, अशी वेळ होती. सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला त्याचे दर २,००० ते ३,००० रुपयांत बांधून द्यावे लागले, इतकी मागणी होती. छातीच्या स्कॅनमध्ये थायरॉइडचा खालचा भाग येतोच. स्कोअर पाहायला काढलेल्या त्या फिल्मांत किती गळ्यांत गाठी दिसल्या असतील! त्या काळात त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नव्हती. नंतर बासनातून फायली निघाल्या आणि तळातली ओळ वाचली गेली.

ओळ वाचल्यावर साखळी कशी पुढे सरकते ते पाहण्यासारखे आहे, कारण प्रत्येक कडी स्वतंत्रपणे अगदी शहाणी दिसते. सोनोग्राफीत गाठीला टायरॅड्सची, म्हणजे ती दिसायला किती संशयास्पद आहे याची, श्रेणी मिळते. मग एफएनएसी, म्हणजे बारीक सुईने पेशी काढून तपासणे. कधी पेशी पुरेशा येत नाहीत, पुन्हा सुई. अहवाल बेथेस्डा नावाच्या वर्गवारीतल्या सहा गटांपैकी एकात बसतो. दुसरा गट, साधी गाठ. सहावा, कर्करोग. पण तिसरा आणि चौथा गट म्हणजे ‘नक्की सांगता येत नाही’. परदेशात इथे जनुकीय चाचणी करतात, आपल्याकडे ती बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. मग नक्की कळावे म्हणून अर्धी ग्रंथी काढायची. म्हणजे शस्त्रक्रिया उपचारासाठी नव्हे, उत्तरासाठी. उत्तर पुष्कळदा येते: साधीच होती. सगळे पेढे वाटतात. ज्या प्रश्नाचे हे उत्तर आहे तो प्रश्न खोकल्याच्या स्कॅनने विचारला होता, हे एव्हाना कुणाच्या लक्षात नसते.

पूर्ण ग्रंथी काढली तर लिव्होथायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडचे संप्रेरक बाहेरून देणारी, गोळी जन्मभर. पहाटे उपाशीपोटी, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. (एकादशीला चालते का, हा प्रश्न दवाखान्यात नेहमीचा. चालते.) गोळी स्वस्त आहे आणि ती घेऊन माणसे चांगली जगतात, हे खरे. पण ज्याची ग्रंथी धड होती त्याला रुग्ण करून मग नीट जगवणे यात कौतुक कसले? गळा कापला नाही तरी आरोग्यविम्याच्या अर्जात गाठ ‘पूर्वीचा आजार’ म्हणून लिहावी लागते. २०२४ पासून विमा नियामकाने अशा आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, तरी कंपनी हप्ता वाढवू शकते किंवा नाकारूही शकते. आणि दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. प्रत्येक वेळी एका मिलिमीटरचा फरक, जो यंत्राचा आणि हाताचाही असतो. त्या एका मिलिमीटरपायी घर आठवडाभर झोपत नाही.

आता विरुद्ध बाजू. ती कमकुवत नाही.

पहिला आक्षेप असा की थायरॉइडचा प्रत्येक कर्करोग भोळा नसतो. अ‍ॅनाप्लास्टिक प्रकार महिन्यांत माणूस नेतो. मेड्युलरी प्रकार काही कुटुंबांत वंशाने येतो आणि तिथे शोधणे हेच शहाणपण आहे. चेर्नोबिलनंतर तर प्रत्यक्षात वाढ झाली: १९८६ च्या त्या अपघातात किरणोत्सारी आयोडीन दुधातून मुलांच्या पोटात गेले आणि २००५ पर्यंत तेव्हाच्या मुलांत नि किशोरांत सहा हजारांहून जास्त थायरॉइड कर्करोग नोंदले गेले. हे सगळे मान्य. पण अ‍ॅनाप्लास्टिक इतक्या झपाट्याने वाढतो की तो वार्षिक पॅकेजमध्ये वेळेत सापडण्याची शक्यता फारच कमी; गळ्यात दिसामासाने फुगणारी, कडक, आवाज बसवणारी गाठ घेऊन रुग्ण स्वतःच येतो. मेड्युलरीसाठी घराण्याचा इतिहास विचारायचा असतो. लहानपणी मानेला किरणोत्सर्ग झालेल्यांची गोष्टही वेगळी. तरीसुद्धा फुकुशिमानंतर तीन लाखांवर मुलांची सोनोग्राफी करून सापडलेले कर्करोग किती किरणांमुळे आणि किती यंत्रामुळे, हा वाद जपानमध्ये वर्षानुवर्षे चालला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये अणुअपघातानंतरसुद्धा सरसकट थायरॉइड तपासणी करू नये असे सांगितले. अणुअपघातानंतर नको, तर महिला दिनाला कशाला?

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो. आपल्या देशात लोक लवकर येत नाहीत, उशिरा येतात, आणि तुम्ही त्यांना ‘तपासू नका’ सांगताय? गडचिरोलीतून किंवा नंदुरबारमधून गळ्यात नारळाएवढा गलगंड घेऊन, श्वास अडायला लागल्यावर येणारे रुग्ण मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांनी पाहिले आहेत. त्यांच्या वाट्याला तपासणी कमी आली, जास्त नव्हे. पण एकाच्या जादा तपासणीने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. कोथरूडमधल्या ८ मिलिमीटरच्या गाठीची सुई-तपासणी केल्याने गडचिरोलीतल्या बाईला सर्जन मिळत नाही. उलट पॅथॉलॉजिस्टचा वेळ, सर्जनची यादी, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरसारख्या ठिकाणच्या रेडिओआयोडीन उपचाराच्या (किरणोत्सारी आयोडीन देऊन कर्करोगाच्या पेशी मारण्याच्या) जागा, हे सगळे मोजकेच आहे, आणि ज्याच्याकडे आधी रिपोर्ट येतो तो आधी रांगेत लागतो. ज्याला यंत्र परवडते त्याला आजार परवडतो, असा हा प्रकार झाला आहे.

तिसरा, रुग्णाच्या हक्काचा. माझ्या शरीरात दिसले ते मला सांगायचे नाही हे ठरवणारे तुम्ही कोण? हे अगदी बरोबर, आणि लपवा असे मी म्हणतच नाही. पण आज जे दिले जाते ते अर्धे सत्य आहे. गाठ आहे, हे सांगतात. या वयात, या आकाराची, अशा दिसण्याची गाठ फार जणांना असते आणि तिच्यासाठी पुढे काही करू नये असे मानतात, हे सांगत नाहीत. दुसरा भाग गाळून पहिलाच हातात ठेवला तर तो हक्क कसला, ओझे आहे.

हा गाळलेला दुसरा भाग लिहिण्यासाठी लागणारा निकष जगात तयार आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या समितीने २०१५ मध्ये सीटी-एमआरआयवर योगायोगाने सापडलेल्या गाठींसाठी तो मांडला. संशयास्पद लक्षणे नसतील, तर ३५ वर्षांखालच्या व्यक्तीत एक सेंटिमीटरपेक्षा आणि ३५ च्या पुढे दीड सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीसाठी सोनोग्राफीही करू नये. दुसऱ्या गंभीर आजाराने ज्याचे आयुष्य थोडे राहिले आहे त्याच्या गाठीमागे जाऊ नये. पेट स्कॅनमध्ये चमकणारी गाठ मात्र सोडू नये, कारण तिथे कर्करोगाची शक्यता तीनात एक इतकी चढते. अशी साधी रेघ आहे. रेषेच्या अल्याड फार थोडे कर्करोग निसटतील, आणि निसटणाऱ्यांतले बहुतेक कोबेतल्या रुग्णांसारखे असतील.

मग आपल्या रिपोर्टांत ही रेघ का दिसत नाही? रेडिओलॉजिस्टला विचारा, तो आडून बोलणार नाही: भीती. १९९५ च्या व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, तेव्हापासून न लिहिलेल्या ओळीची किंमत डॉक्टरला मोजावी लागू शकते, लिहिलेल्या ओळीची किंमत रुग्ण मोजतो. ‘पडताळावे’ असे लिहून सही केली की जबाबदारी पुढच्या टेबलावर सरकते. पुढचा फॅमिली डॉक्टरही तेच करतो. कुणी वाईट नाही. प्रत्येक जण आपापल्या पुरता सुरक्षित आहे आणि एकूण हिशेबात रुग्णाचा गळा उघडा पडतो.

पण याच कायद्यात सुटकेचा मार्गही आहे, तो फारसा वापरला गेलेला नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात न्यायालयाने निष्काळजीपणाची कसोटी अशी ठेवली की व्यवसायातल्या जाणकारांनी मान्य केलेल्या पद्धतीप्रमाणे वागणारा डॉक्टर निष्काळजी ठरत नाही. म्हणजे एकट्या रेडिओलॉजिस्टने धाडस करून ‘काही करू नका’ लिहिणे धोक्याचे आहे. पण रेडिओलॉजिस्टांच्या आणि एन्डोक्रिनॉलॉजिस्टांच्या संघटनांनी मिळून निकष जाहीर केला आणि प्रत्येक रिपोर्टने त्याचा हवाला दिला, तर ते धाडस राहत नाही, रीत होते. वकिलाने विचारले तर दाखवायला एक कागद असतो. आठ कोरियन डॉक्टरांनी जे पत्राने केले ते इथे एका ठरावाने होऊ शकते.

ठरावात फार काही नको. योगायोगाने सापडलेली, निकषाखालची गाठ रिपोर्टच्या मजकुरात नोंदवावी, पण निष्कर्षात ठळक करू नये. तिच्याखाली मराठीत छापावे: ‘अशा लहान गाठी बऱ्याच निरोगी व्यक्तींत आढळतात. आपल्या वयात या आकाराच्या गाठीसाठी पुढील तपासणीची शिफारस नाही. गळ्यात गाठ हाताला लागू लागली, वाढू लागली, आवाज बदलला, गिळताना अडले, किंवा घरात कुणाला थायरॉइडचा कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना भेटा.’ एवढेच. आणि पॅकेजमध्ये गळ्याची सोनोग्राफी घालणाऱ्या केंद्राला, ती कुठल्या तक्रारीसाठी केली हे रिपोर्टच्या पहिल्या ओळीत लिहायची सक्ती असावी. ‘तक्रार: नाही’ असे रोज शंभर रिपोर्टांवर लिहावे लागले की त्यांनाच ते विचित्र वाटू लागेल.

हे खासगी केंद्रांपासून सुरू होणार नाही, तशी अपेक्षाही भाबडी आहे. सुरुवात करता येईल ती केईएम, ससून, जीएमसीसारख्या सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांतल्या रेडिओलॉजी विभागांपासून, कारण तिथे पॅकेज विकायचे नसते, यंत्रावरची रांग उलट कमी व्हायलाच हवी असते, आणि उद्याचे रेडिओलॉजिस्ट तिथेच रिपोर्ट लिहायला शिकतात. राज्य सरकारला एचआरसीटीचा दर एका आदेशाने ठरवता आला होता. एका वाक्याचा मजकूर ठरवायला तेवढेही कष्ट पडू नयेत.